फोटो बिबट्याचा, बदनामी बॉबकॅटची

आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा येऊन पडला. "सावधान! बिबट्याच्या जातीचा बॉबकॅट आपल्या वस्तीत शिरला आहे. दिवसा दिसला तर समजा पिसाळलेला. लहान मुलांना उचलून नेतो. पिंजरा लावून पकडा आणि लांब डोंगरात सोडून या. सर्व पालकांना पाठवा." सोबत फोटो चक्क बिबट्याचा, तोही उसाच्या फडातला. कॅलिफोर्नियात ऊस कुठून आला, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

जुन्नर-शिरूरकडच्या माणसाला बिबट्याची धास्ती वाटते, त्याला कारण आहे. पण ती धास्ती बॅगेत भरून आणून इथल्या भलत्याच प्राण्यावर चिकटवण्यात अर्थ नाही. बॉबकॅट हा मांजरकुळातल्या लिंक्स गटातला. बहुतेकांचं वजन ५ ते १५ किलोंत बसतं, नर बिबट्याचं सहज ५० च्या पुढे जातं. बॉबकॅटची शेपूट वीतभरही नसते, छाटल्यासारखी दिसते. नावही त्यावरूनच पडलं. गावाकडचं रानमांजर आठवा, त्याला गालांवर कल्ले लावा आणि अंगाने थोडं थोराड करा. झाला बॉबकॅट.

मुलं उचलून नेण्याचं म्हणाल, तर बॉबकॅटने माणूस मारल्याची नोंद नाही. त्याचं खाणं म्हणजे ससे, खारी, उंदीर, पक्षी. क्वचित हरणाचं पाडस. माणसावर हल्ला करणारं मोठं मांजर इथे आहे, पण ते पुमा, म्हणजे माउंटन लायन. मार्च २०२४ मध्ये एल डोराडो काउंटीत पुमाने एका तरुणाचा जीव घेतला. लांब शेपटीचं, एकरंगी, मोठं जनावर दिसलं तर जरूर मेसेज टाका.

आता "दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेला". हे वाक्य वाचून मला हसू आलं, कारण मागच्या वसंतात सकाळी नऊच्या सुमाराला आमच्या मागच्या अंगणात एक बॉबकॅट वीसेक मिनिटं बसला होता. गोफरच्या बिळासमोर. (गोफर म्हणजे आपल्या घुशीसारखाच जमीन पोखरणारा प्राणी, त्याने माझी मेथी दोनदा मुळासकट ओढून नेली आहे.) बॉबकॅटची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे कानांमागचे पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते. चहा गार झाला तरी तो हलला नाही. मग एकदम उडी, तोंडात गोफर, आणि सहा फुटी कुंपणावरून पसार. पिसाळलेला प्राणी असा नेम धरून बसत नाही. बॉबकॅट मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतात, पण भरदिवसा शिकार करणंही त्यांना नवीन नाही. पिल्लं असली की मादीला जास्त फिरावंच लागतं.

रेबीज होतच नाही असं मात्र नाही. एप्रिल २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्गॉ गावात एका जोडप्यावर घरासमोरच बॉबकॅटने झडप घातली. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. त्या प्राण्याला रेबीज असल्याचं तपासणीत निघालं. पण तिथे खूण घड्याळातल्या वेळेची नव्हती, वागण्याची होती: तो स्वतःहून माणसाच्या अंगावर धावून गेला. असा किंवा झोकांड्या खाणारा बॉबकॅट दिसला तर घरात जा आणि अॅनिमल कंट्रोलला फोन करा. चावलाच, तर कुत्रा चावल्यावर करतो तेच: साबण-पाण्याने जखम भरपूर धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र खरी आहे. कोंबड्या, मांजरं, छोटे कुत्रे यांना बॉबकॅट सोडत नाही. खुराड्याला वरून जाळी हवी, आणि पॉमेरेनियनला रात्री एकटं बाहेर सोडू नये.

पिंजऱ्याचा सल्ला तर बेकायदा आहे. कॅलिफोर्नियात रानटी प्राणी पकडून परवानगीशिवाय दुसरीकडे सोडता येत नाही. शिवाय अनोळखी जागी तो बरेचदा तग धरत नाही, आणि इथली मोकळी झालेली हद्द दुसरा बॉबकॅट धरतो. तो येतो कशाला, ते आधी बघा. पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांचा खाली सडा पडतो, त्यावर खारी-उंदीर जमतात, मागोमाग हा.

आणि त्या उंदरांना विष घालणं हा उपाय नव्हे. रक्त गोठू न देणारं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो आणि आयताच बॉबकॅटच्या तोंडी जातो. लॉस एंजेलिसजवळच्या थाउजंड ओक्स भागात २००० नंतरच्या काही वर्षांत कितीतरी बॉबकॅट खरजेने झडून मेले. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संशोधकांना मेलेल्यांच्या शरीरात हेच विष सापडत गेलं, आणि त्याचा खरजेशी संबंध त्यांनी दाखवला. यातल्या सर्वांत जहाल विषांच्या बहुतेक वापरावर २०२० च्या कायद्याने राज्यात बंदी आली. तरी आमच्या गल्लीत तीन गॅरेजांपाशी काळ्या खोक्यांत काही ना काही ठेवलेलं आहे. त्यातलं एक गॅरेज मेसेज पाठवणाऱ्या काकांचं. शनिवारी त्यांच्याकडे चहाला जातोय, खोक्यावरचं लेबल दोघं मिळून वाचू.