सकाळी हात उचलत नाही आणि दुपारी मंडई? हो, असंच असतं

दादा, आमवाताच्या माणसाला घरच्यांनी कसा हातभार लावावा, या माझ्या लेखावर तुम्ही रागानं लिहिलंत. तुमच्या वहिनींना रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे, लेख वाचून त्यांनी भाकरी थापणं सोडलं आणि घरात वाद सुरू झाले. सकाळी "हात उचलत नाही" म्हणतात, दुपारी मात्र लक्ष्मी मंडईत जाऊन येतात. तुमच्या आईनं असल्याच दुखण्यात सगळ्या घराच्या भाकरी थापल्या. मी नाटकांना खतपाणी घालते, असं तुमचं म्हणणं.

नाटक नाही हो ते. हा आजार असाच वागतो. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, तिथं सूज येते, आणि रात्रभर हालचाल नसली की सकाळी बोटं, मनगटं ताठून जातात. तासभर, कधी त्याहून जास्त. मग जसजसं हलावं तसतसं सांधे मोकळे होतात. म्हणजे सकाळी सातला ज्या हाताला कुकरचं झाकण फिरवता येत नाही, तोच हात दुपारी मेथीची जुडी उचलू शकतो. डॉक्टरसुद्धा पहिल्यांदा हेच विचारतात, सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो? वहिनींचं बोलणं तुम्हाला खोटं वाटलं ते ज्या गोष्टीमुळे, तीच या आजाराची मोठी खूण आहे.

आता भाकरी. ज्वारीचं पीठ तळहाताच्या टाचेनं रगडून मळावं लागतं, मग थापायचं. सगळा भार मनगटावर आणि बोटांच्या मुळांवर, आणि हा आजार नेमका तिथंच बसतो. सुजलेल्या सांध्यावर रोज जोर पडला की दुखणं वाढतं. सूज वर्षानुवर्षं आटोक्यात आली नाही तर बोटं करंगळीकडे झुकतात, आणि एकदा वाकलेली बोटं औषधानं सरळ होत नाहीत. सोलापुरात कडक भाकरी विकत मिळते. आणि तुम्ही दोघे भाऊ धडधाकट आहात, पीठ मळायला तुमचे हात का चालू नयेत? काही दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा हंडे-कळशा कोण उचलतं, हेही घरात एकदा बघा. मला तर भाकरीपेक्षा त्या पाण्याचीच जास्त काळजी वाटते.

तुमच्या आईंबद्दल आदरानंच लिहिते. उतारवयात गुडघे झिजतात ते दुखणं वेगळं, तिथं सकाळचा ताठरपणा थोड्या वेळात जातो. आणि त्यांनाही आमवातच असेल, तर त्या थापत होत्या याचा अर्थ दुखत नव्हतं असा होत नाही. मेथोट्रेक्सेट हे औषध या आजारावर सर्रास वापरात आलं ते 1980 च्या दशकापासून. त्याआधीच्या बायकांनी सोसलं, कारण दुसरा फारसा मार्ग नव्हता.

तुमचं एक म्हणणं मात्र मला शंभर टक्के पटतं, माणसाला नुसतं बसवून ठेवू नये. सूज कमी असेल त्या दिवशी चालणं, बोटांचे व्यायाम, झेपेल ते काम हवंच, नाहीतर स्नायू गळतात. फक्त आज काय झेपेल हे वहिनी ठरवतील. तुम्ही नाही, मीही नाही. काल झेपलं म्हणून आज झेपेलच असं नाही. या आजारात थकवाही एवढा असतो की सूज नसतानाही माणूस आडवा होतो.

वाद बाजूला ठेवून एक काम कराच. त्यांना मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेतू शकतं. वार ठरवा आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खूण करा. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात, तेवढ्यात "गोळ्यांनी काही होत नाही" म्हणून बंद करू देऊ नका. रक्ताची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नका. आणि कुणी हमखास गुणाच्या पुड्या दिल्या तर त्या घरात आणू नका. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

पुढच्या तपासणीला भावानं सोबत जावं, तुम्हीही जा. तुमचा मंडईचा प्रश्न वहिनींसमोरच डॉक्टरांना विचारा. त्यांचं उत्तर काय आलं ते इथं लिहाल तर मला वाचायला आवडेल.