‘श्रीमंत कंपन्यांची भीक’? व्हिज्युअल नॉव्हेलच्या क्राउडफंडिंगवरच्या एका लाडक्या पोस्टला उत्तर

अ‍ॅनिमेच्या ग्रुपांमध्ये एक पोस्ट अधूनमधून फिरत असते. एखाद्या जपानी व्हिज्युअल नॉव्हेलच्या इंग्रजी आवृत्तीसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणी गोळा करणाऱ्या वेबसाइटवर मोहीम निघाली, की ती हमखास वर येते. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. जपानी कंपन्या गडगंज आहेत, तरी चाहत्यांपुढे हात पसरतात. भाषांतराला एवढे पैसे लागतच नाहीत, चाहते ते फुकट करून देतात. मागितले त्याच्या चौपट जमतात आणि वरचे खिशात जातात. गेम वर्षानुवर्षं येत नाही, म्हणजे फसवणूकच. आणि शेवटी सल्ला: त्या पैशांत जपानी शिका.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे पडद्यावर पात्रांची चित्रं, खाली मजकुराची चौकट, सोबत आवाज आणि संगीत, आणि मधूनमधून वाचकाने करायची निवड. त्या निवडीवर कथा कुठल्या वाटेने जाणार ते ठरतं, आणि सगळ्या वाटा वाचायच्या तर पन्नास-शंभर तास सहज जातात.

पोस्टमधली एक तक्रार मला मान्य आहे. पण ती जिथे मांडली आहे तिथे नाही.

“कंपन्या गडगंज, तरी हात पसरतात”

इथे लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर सोनी-निन्टेन्डो असतात. व्हिज्युअल नॉव्हेलचा धंदा त्या मापाचा नाही. पीसीवर येणाऱ्या पूर्ण लांबीच्या गेमची जपानमधली किंमत साधारण ८,८०० येन आणि वर कर, आणि खप हजारांत मोजायचा. ‘क्लॅनाड’ ही गाजलेली व्हिज्युअल नॉव्हेल काढणारा ‘की’ हा ओसाकाच्या व्हिज्युअल आर्ट्सचा ब्रँड. ही कंपनी २०२३ मध्ये टेन्सेंट या बड्या चिनी कंपनीने विकत घेतली, आणि तेव्हापासून “बघा, टेन्सेंटची कंपनी पैसे मागते” असंही ऐकू येतं. ‘क्लॅनाड’ची मोहीम २०१४ च्या नोव्हेंबरमधली आहे, एवढंच लक्षात आणून देतो.

मुळात मागणारं कोण होतं? किकस्टार्टर जपानमधल्या निर्मात्यांना खुलं झालं ते सप्टेंबर २०१७ मध्ये. त्याआधीच्या गाजलेल्या मोहिमा बाहेरच्या मध्यस्थांमार्फतच निघत होत्या. ‘क्लॅनाड’ आणि ‘ग्रिसाया’ त्रयी या दोन्ही सेकाई प्रोजेक्ट या अमेरिकी प्रकाशकाच्या. हा मध्यस्थ जपानी मालकाकडे हक्क मागायला जातो तेव्हा मालकाचा पहिला प्रश्न असतो, विकलं जाईल याची हमी काय? हमी म्हणजे तोंडी नव्हे. खप होवो न होवो, ठरलेली किमान रक्कम मालकाला द्यायची, असा करार करायचा असतो.

मालक का बिचकतो, यालाही कारण आहे. २००९ मध्ये एका प्रौढांसाठीच्या जपानी गेमवरून परदेशात मोठा गदारोळ झाला. त्यानंतर काही जपानी कंपन्यांनी आपल्या वेबसाइटी परदेशी वाचकांना चक्क बंद केल्या. अशा कंपनीला “बाहेर तुमचे वाचक आहेत” हे पटवायचं तर भाषणं उपयोगी नसतात. एवढ्या हजार लोकांनी कार्डाचा नंबर दिला आहे, हे दाखवावं लागतं.

आणि आपल्याला हा व्यवहार नवा वाटायचं काय कारण? प्रकाशनपूर्व सवलतीत आगाऊ पैसे भरून खंड मागवणं मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. केतकरांनी ज्ञानकोश उभा केला तो भागभांडवल आणि आगाऊ वर्गणीदार गोळा करत. त्याला आपण भीक म्हणत नाही. किकस्टार्टरवर तर ठरलेली रक्कम जमली नाही तर कुणाच्याही कार्डावरून एक डॉलरही कापला जात नाही.

“भाषांतराला एवढे पैसे लागत नाहीत”

भाषांतराला खरंच लागत नाहीत. बाकीच्याला लागतात.

हिशेब मांडून बघू. या क्षेत्रात मोबदला बहुधा जपानी अक्षरांवर मोजतात. समजा, मजकूर १५ लाख अक्षरांचा आहे आणि दर अक्षरामागे २ सेंट. झाले ३० हजार डॉलर. संपादनाला त्याच्या निम्मे धरा. म्हणजे ४५ हजार, आणि हा दर काही सुखावह नाही. पंधरा लाख अक्षरं एकट्याने करायची तर वर्ष उलटतं. पोस्ट लिहिणारा इथे थांबतो आणि म्हणतो, मग मोहिमेत दीड लाख डॉलर कशाला मागता?

कारण पुढचं काम पडद्यावर दिसतच नाही. जपानी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. त्यामुळे जुनी गेम इंजिनं, म्हणजे गेम चालवणारी मूळ सॉफ्टवेअरं, ओळ भरली की जिथे असेल तिथे तोडतात, आणि जपानीत ते चालून जातं. त्याच चौकटीत इंग्रजी मजकूर ओतला की ‘आफ्टरनून’चं ‘आफ्टरनू’ वरच्या ओळीत आणि उरलेला ‘न’ खालच्या ओळीत लोंबकळतो. मग शब्द न तोडता ओळ मोडायला इंजिनला शिकवायचं. पूर्ण रुंदीच्या अक्षरांसाठी आखलेल्या चौकटीत निम्म्या रुंदीची रोमन अक्षरं विरळ दिसतात, म्हणून फाँट बदलायचा. इंग्रजी वाक्य लांबलं आणि तीन ओळींत मावेना, तर ते दोन चौकटींत फोडायचं. पण त्या वाक्याला जोडलेली आवाजाची फाइल एकच असते, मग ती कुठे वाजवायची? मेन्यूची बटणं, प्रकरणांची नावं, चित्रात रंगवलेली पाटी, मोबाइलच्या पडद्यावरचा मेसेज ही सगळी चित्रं आहेत, मजकूर नव्हे. ती पुन्हा काढावी लागतात, आणि मूळ फाइली जपानी कंपनीकडे दहा वर्षांनंतर सापडतील याची खात्री नसते.

‘क्लॅनाड’ मुळात २००४ चा, ६४० बाय ४८० च्या पडद्यासाठी केलेला. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातली इंग्रजी आवृत्ती नव्या इंजिनवर, मोठ्या चित्रांसह आली. ‘मव-लव’ या दुसऱ्या गाजलेल्या नॉव्हेलचं इंजिन तर अगदीच वेगळं, आणि त्यात हात घालणाऱ्या चाहत्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडलेली आहेत.

मग तपासणी. ‘क्लॅनाड’मध्ये वेगवेगळ्या पात्रांच्या कथा पूर्ण केल्या की प्रकाशाचे छोटे गोळे मिळतात, आणि ते पुरेसे जमल्याशिवाय शेवटचा खरा अंत उघडत नाही. एखाद्या फाटलेल्या वाटेवर एक खूण चुकीची नोंदली गेली, तर वाचक दहा-दहा तास वाचून भलत्याच शेवटाला पोचतो. हे पकडायला कुणीतरी प्रत्येक वाट चालून बघावी लागते, मजकूर बदलला की पुन्हा. गाण्यांचे आणि आवाजांचे हक्क हा आणखी वेगळा विषय. मूळ करार एका माध्यमापुरते केलेले असतात आणि नव्या मंचासाठी पुन्हा बोलणी करावी लागतात.

“चाहते फुकट करतात” याला माझं उत्तर ‘ग्रिसाया’. तिच्या पहिल्या भागाचं चाहत्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २०१३ मध्येच उपलब्ध होतं. सेकाई प्रोजेक्टने पुढे अधिकृत आवृत्तीसाठी त्याच भाषांतरकाराला घेतलं. मोहीम २०१५ च्या सुरुवातीला संपली आणि पहिला भाग त्याच मे महिन्यात स्टीमवर आला. म्हणजे चाहत्यांचं काम वाया गेलं नाही, त्याला मोबदला मिळाला आणि ते दुकानात उभं राहू शकलं. ज्या दोन भागांचं भाषांतर नव्याने करायचं होतं ते २०१६ आणि २०१७ मध्ये आले. भाषांतर तयार असणं आणि नसणं यातला फरक यापेक्षा स्वच्छ दिसणार नाही. शिवाय चाहत्यांचा पॅच, म्हणजे मूळ गेमवर चढवायची भाषांतराची फाइल, चालवायला जपानी गेम लागतो, आणि किती जणांनी तो विकत घेतला होता हे आपण सगळे जाणतो. पुढे बोलायला नको.

मशीन भाषांतराबद्दल थोडक्यात. गेममधला मजकूर उचलून मशीनला देणारी साधनं चाहते वर्षानुवर्षं वापरतायत. गोष्ट कळते. पण जपानी वाक्यात कर्ता बहुतेक वेळा गाळलेला असतो, आणि रहस्यकथेत तो मुद्दाम गाळलेला असतो. मशीन तिथे ठोकून ‘तो’ किंवा ‘ती’ बसवतं आणि लेखकाने तीस तास सांभाळलेलं गुपित दुसऱ्याच तासाला फोडतं.

“चौपट जमले, वरचे खिशात”

आकडे खरे आहेत. ‘क्लॅनाड’ने १ लाख ४० हजार डॉलर मागितले आणि ५ लाख ४१ हजार जमले. ‘ग्रिसाया’ने १ लाख ६० हजार मागितले, जमले पावणेपाच लाख. २०१५ च्या ‘मव-लव’ मोहिमेचं लक्ष्य होतं अडीच लाख, जमले साडेबारा लाखांच्या वर.

पण जमलेला पैसा आणि हातात आलेला पैसा एक नव्हे. किकस्टार्टर ५ टक्के घेतं, कार्डाचा व्यवहार करणारे ३ टक्के आणि प्रत्येक वर्गणीमागे काही सेंट वेगळे. ‘क्लॅनाड’च्या रकमेवर हे किमान ४३ हजार डॉलर होतात. पुढे बक्षिसांचा खर्च. आणि सगळ्यात मोठी भूक वाढीव उद्दिष्टांची असते. “एवढे जमले तर हेही करू” असं म्हणत मोहीम चालू असतानाच काम वाढवत नेतात. ‘मव-लव’मध्ये मूळ दोन गेमच्या पलीकडे प्लेस्टेशन व्हीटाची आवृत्ती आणि दोन जोड-संग्रह आले. साडेबारा लाखांत मूळ अडीच लाखांचंच काम करायचं होतं असं धरून हिशेब केला, की चोरी दिसणारच.

तरीही सगळं खर्ची पडलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि पोस्टवालाही उलट सांगू शकत नाही. कारण हिशेब कुणी छापत नाही. माझी तक्रार आहे ती ही. पाच लाख डॉलर लोकांकडून घेणाऱ्याने पान-दीड पानाचा खर्चाचा तक्ता द्यायला हवा, मालकाला किती गेले, इंजिनला किती, पोस्टेजला किती. आपल्याकडे गल्लीतलं गणेश मंडळसुद्धा जमाखर्च फळ्यावर लावतं. हा मुद्दा पोस्टमध्ये असता तर मीही ती पुढे पाठवली असती.

“उशीर म्हणजे फसवणूक”

किकस्टार्टरवर फसलेल्या मोहिमा आहेत, यात वाद नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ईथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये हजारो वर्गणीदारांना विचारून काढलेला निष्कर्ष होता की साधारण ९ टक्के प्रकल्प ठरलेलं बक्षीस देऊ शकत नाहीत. तो सगळ्या प्रकारच्या प्रकल्पांचा आकडा होता. नव्याने बनवायच्या गेममध्ये गेमच तयार होत नाही हा मोठा धोका असतो. इथे मूळ गेम जपानमध्ये विकला गेलेला, चित्रं-आवाज-संगीत पूर्ण झालेलं असतं. ‘क्लॅनाड’ची मोहीम जानेवारी २०१५ मध्ये संपली, गेम त्याच नोव्हेंबरात आला. ‘मव-लव’चा पहिला भाग २०१६ मध्ये, दुसरा २०१७ मध्ये, जोड-संग्रह २०१९ आणि २०२० मध्ये. उशीर झाला, वैतागही आला. पण वाचायचं ते सगळं वाचायला मिळालं.

उशीर खरा होतो तो पेट्यांना. गेम उघडायचा डिजिटल कोड मेलने येतो. आर्टबुक, कापडी पोस्टर आणि ध्वनिमुद्रिका असलेली पेटी छापायची, भरायची आणि जगभर पाठवायची, हे भाषांतरकारांच्या छोट्या कंपनीचं कसबच नव्हे. त्यातून आपल्याकडे पार्सल आलं तर आधी कस्टम्सचा कागद हातात पडतो, मग पेटी. डॉलरमधली वर्गणी, कार्डाचा फॉरेक्स मार्कअप आणि वर ही ड्यूटी अशी बेरीज केली की तीच कथा स्टीमवर रुपयांत, सेलमध्ये घेणारा शहाणा ठरतो. म्हणून मी स्वतः पेटीच्या फंदात पडत नाही. मोहिमेच्या पानावर तीन गोष्टी बघतो: मालकाशी करार झालाय की “बोलणी चालू आहेत”, भाषांतर करणारे कोण, आणि इंजिनबद्दल एक ओळ तरी लिहिली आहे का. तिसरी नसेल तर पान बंद.

दरवेळी क्राउडफंडिंग लागतंच असंही नाही. ‘द हाउस इन फाटा मॉर्गाना’ २०१६ मध्ये, ‘समर पॉकेट्स’ २०२० मध्ये, ‘त्सुकिहिमे’चा नवा अवतार २०२४ मध्ये, हे सगळं वर्गणीशिवाय इंग्रजीत आलं. बाजार आहे हे एकदा दिसल्यावर खिशातून पैसे घालायला माणसं तयार होतात. त्यामुळे आज एखादी मोठी कंपनी त्याच मार्गाने आली, तर “तुम्हाला गरज काय?” हे तिला जरूर विचारा. २०१४ च्या मध्यस्थाला तोच प्रश्न विचारणं अन्यायाचं आहे.

“त्या पैशांत जपानी शिका”

जरूर शिका. पुण्यात तर जपानी शिकवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्र आहे, शनिवार-रविवारचे वर्ग भरलेले असतात. फक्त किती दिवसांत काय वाचता येईल ते त्या वर्गातल्या कुणालातरी विचारून या. एन-फाइव्ह या तिच्या पहिल्या पायरीला “स्टेशन कुठे आहे” विचारता येतं. ‘मव-लव अल्टरनेटिव्ह’मध्ये परग्रहवासीयांशी लढणाऱ्या सैन्याच्या ब्रीफिंगमध्ये राखीव तुकडी, दारूगोळा आणि क्वांटम सिद्धांत एकाच दमात येतात, आणि स्टेशन कुठे आहे हे त्यात कुणीच विचारत नाही.