फॅमिलीच हवी, पोरं नकोत

आमचा चेंडू सोसायटीच्या ऑफिसात जप्त आहे. प्लास्टिकचा, पिवळा, स्टेशनबाहेर तीस रुपयांना घेतलेला. सोडवायचा तर पाचशे रुपये दंड आणि 'यापुढे असं होणार नाही' असं लेखी पत्र, आईवडील दोघांच्या सहीचं. दोघांच्या! गाडीच्या कर्जाला माझी एकट्याची सही चालली होती.

गुन्हा काय, तर चेंडू घरंगळत जाऊन एका पांढऱ्या एसयूव्हीच्या चाकाला टेकला. आपटला नाही, टेकला. सीसीटीव्हीत साफ दिसतंय. हो, कमिटीने फुटेज काढलंय. मागच्या पावसाळ्यात पार्किंगमधून सायकली गेल्या तेव्हा हाच कॅमेरा 'मेंटेनन्सला' होता. साडेचार वर्षांच्या आरोपीचा चेहरा मात्र शेंबडासकट स्पष्ट आलाय. ते फुटेज ग्रुपवर पडलं, वर 'काइंड अटेन्शन ऑल पेरेंट्स', खाली अकरा अंगठे. मोजलेत मी. कोणाकोणाचे तेही लक्षात ठेवलंय.

आणि ती एसयूव्ही उभी कुठे होती? अग्निशमनच्या गाडीसाठी पिवळे पट्टे मारलेल्या जागेत. तिथे कुठल्याच पेरेंट्सचं काइंड अटेन्शन गेलं नाही.

रात्री बसून मी उत्तर लिहिलं. चांगलं लांबलचक. उपविधी, अग्निसुरक्षा, बालहक्क, मध्ये एक टोमणा सेक्रेटरींच्या सुनेच्या लग्नातल्या संगीताला, कारण त्या दिवशी पोरं खेळतात त्याच पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या गच्चीवर, रात्री साडेअकरापर्यंत डीजे चालू होता आणि तेव्हा ज्येष्ठांची झोप कुणाला आठवली नव्हती. बायकोने वाचलं. म्हणाली, "पहिलं वाक्य ठेव, बाकीचं खोड." मी सगळंच पाठवलं. उत्तर आलं: 'नोटेड.' यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता नवा बोर्ड लागलाय. खेळण्याची वेळ पाच ते सात. चेंडू नको, सायकल नको, स्केटिंग नको, पळू नये, आरडाओरडा करू नये. मग पोरांनी पोडियमवर जमून करायचं काय, भिशी? ब्रोशरमध्ये 'किड्स प्ले एरिया' होता. सोनेरी केसांची दोन मुलं फुगे घेऊन हिरवळीवर धावत होती. प्रत्यक्षात जनरेटरच्या बाजूला एक घसरगुंडी आणि खाली प्लास्टिकचं गवत, ते दुपारी इतकं तापतं की चपलेचा वास येतो.

मुंबईत घर शोधताना प्रत्येक दलाल म्हणायचा, "साहेब, ओनरला फॅमिलीच हवी." आम्ही फॅमिली. छाती फुगवून जायचो. मग ओनर चहाचा कप खाली ठेवत विचारणार, "मुलं किती? लहान आहेत? भिंतीवर लिहितात का?" म्हणजे फॅमिली हवी, पण कॅलेंडरवरची. कॉलेजच्या पोरांना घर देत नाहीत कारण ती धिंगाणा घालतील, आम्हाला देत नाहीत कारण पोरं मोठी होऊन धिंगाणा घालतील. शिवाय तो 'स्टेशन पाच मिनिटं'. कुणाची पाच मिनिटं? भांडुपमधली जागा मुलुंडमध्ये आहे म्हणून दाखवली आम्हाला. यांचा काय भरवसा, दक्षिण मुंबईतल्या कफ परेडचं नाव लावून वडाळ्यात 'न्यू कफ परेड' विकणारं शहर आहे हे.

आणि प्रत्येक नातेवाईक हमखास सांगणार, "मुलांसाठी शिवाजी पार्कसारखं नाही हो." माहीत आहे! 28 एकरांचं मैदान, कट्टा, नाना-नानी पार्क, सगळं माहीत आहे. तिथे परवडत असतं तर हे टाइप करत बसलो असतो का? तिथे कट्ट्यावर बसून भेळ खाल्ली असती आणि धूळ फार उडते म्हणून तक्रार केली असती.

उद्यानात न्या म्हणतात. आमच्याजवळच्या उद्यानाच्या कमानीवर ज्यांच्या प्रयत्नाने ते झालं त्यांचा हात जोडलेला फोटो आहे, झोपाळ्याच्या आकारापेक्षा मोठा. दोन झोपाळे, त्यातल्या एकाची साखळी आहे, पाट नाही. दुसऱ्यावर कॉलेजचं जोडपं. सीसॉ एका बाजूला कायमचा झोपलेला. ओपन जिम मात्र जोरात. काका लोक त्या पाय झुलवायच्या यंत्रावर उभे राहून शेअर बाजारावर बोलतात, आणि पोरगं जवळ गेलं की, "बेटा, लागेल तुला." काका, तुम्ही उतरा मग.

मोठी बाहेरवारी काढावी तर रविवार. रविवारी माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक. यात बातमी काहीच नाही, पण दर रविवारी मी नव्याने चिडतो हे विशेष. कामाच्या दिवशी रजा टाकून जावं तर राणीबागेचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद, बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद, तारांगण सोमवारी बंद. बोरिवलीची वनराणी, म्हणजे तिथली छोटी झुकझुक गाडी, 2021च्या तौक्ते वादळात रूळ उखडून जी थांबली ती वर्षानुवर्षं थांबली. थोरल्याला "पुढच्या वर्षी बसू" म्हणत आलो, आता तो म्हणतो, बाबा, ती लहान मुलांची आहे. तारापोरवाला मत्स्यालय, 1951चं, आमच्या प्रत्येक शाळेच्या सहलीचं ठरलेलं ठिकाण. करोनात बंद झालं, मग इमारतच पाडली. पोरांना मासे कुठे दाखवू? बाजारात दाखवतो. धाकटीला पापलेट ओळखता येतं, हीच तिची सागरी जीवशास्त्राची गती.

राणीबागेबद्दल वाईट बोलणार नाही. आईवडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपयांत आत जातात, या शहरात एवढ्यात चौघांचा वडापाव-चहासुद्धा नीट होत नाही. पण म्हणूनच रविवारी अख्खी मुंबई तिथे. 2017 पासून पेंग्विन पाहायला मिळतात. काचेसमोर पहिल्या रांगेत कोण? मोठी माणसं, फोन वर करून. पोरगी माझ्या खांद्यावर, तिच्या समोर कुणाच्या तरी फोनचा स्क्रीन. तिने पेंग्विन पाहिला, पण व्हिडिओत. तो घरीही दिसला असता, मेगाब्लॉकशिवाय.

मग उरतो मॉल. आमच्या इथल्या मॉलच्या प्ले झोनमध्ये अर्ध्या तासाचे सहाशे रुपये, एका मुलाचे. वर विशेष मोजे घालायचे, ते काउंटरवरच मिळणार, दर वेळी नवे. घरचे मोजे चालत नाहीत. का? 'पॉलिसी आहे सर.' घरात आता त्या खाली रबरी ठिपके असलेल्या निळ्या मोज्यांचा एक अख्खा खण आहे. मागच्या वेळी तेच मोजे धुऊन नेले, तर तिथली मुलगी म्हणाली, हे जुन्या डिझाइनचे आहेत.

डायपर बदलायचं टेबल महिलांच्या स्वच्छतागृहात. फक्त तिथेच. बाप म्हणजे काय नुसता पिशव्या धरायला? धाकटी लहान असताना मी तिला वॉशबेसिनशेजारी एका गुडघ्यावर बदललंय आणि हात वाळवायला आलेल्या प्रत्येक पुरुषाने माझ्याकडे आदराने पाहिलंय. आदर नको होता, फळी हवी होती.

'मुलांना घेऊन जावीत अशी मुंबईतली दहा ठिकाणं' या रीळ बनवणाऱ्यांना तर वेगळं गाठायचंय मला. त्यातली आठ कॅफे असतात. एका कोपऱ्यात चार लाकडी ठोकळे आणि फ्रेंच फ्राइज साडेतीनशे. बाकीची दोन अलिबागला. अलिबाग मुंबईत कधी आलं?

एवढं सगळं करून परवा पोरांना सर्वात जास्त आवडलं काय, तर स्टेशनचा सरकता जिना. मामाला सोडायला गेलो होतो. दहा रुपयांच्या प्लॅटफॉर्म तिकिटात वर, खाली, परत वर, दोघं किंचाळताहेत आनंदाने, आणि मी खाली उभा राहून पालिकेच्या उद्यान धोरणावर मनातल्या मनात भाषण ठोकतोय. थोरला म्हणाला, "बाबा, तुम्ही पण या ना." गेलो. बरं वाटलं. तिसऱ्या फेरीला शिट्टी वाजली. "ओ साहेब, मुलांना खेळवायला आहे का हे?"

आता मेहुणा म्हणतो, कर्जतला एक मुलांसाठी खास फार्महाऊस आहे. दरडोई अडीच हजार, मुलांना सवलत नाही, आणि पूलमध्ये नायलॉनचेच कपडे सक्तीचे. काळजी करू नका म्हणाला, काउंटरवर मिळतात.