बुडण्याआधी एकदा बघून या

मालदीव डोक्यात असेल तर आता चालढकल करू नका. तिथली सुमारे ८० टक्के जमीन समुद्रसपाटीपासून मीटरभरही वर नाही. उशिरा गेलात तर बेट जायचं आणि हातात नुसतं बुकिंग राहायचं. जगाने धूर कमी करावा म्हणून २००९ मध्ये तिथल्या मंत्र्यांनी पाठीला टाक्या बांधून पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली होती. आपण त्यातून बोध एवढाच घ्यायचा, की डायव्हिंगची सोय उत्तम आहे.

उशीर केला की काय होतं ते बोलिव्हियात विचारा. चाकाल्ताया म्हणजे जगातलं सर्वांत उंचावरचं स्कीइंगचं ठिकाण, असं ते मिरवायचे. २००९ मध्येच तिथली हिमनदी संपली. दगडांवरून कोण घसरणार? किलिमांजारोवर अजून थोडा बर्फ आहे, तेव्हा तिकीट आजच काढा. आपल्या विमानाच्या धुराने तो आणखी वितळेल, असली शंका मनात आणू नका. वितळणारच आहे, तर आपल्या डोळ्यांदेखत वितळलेला काय वाईट?

रिसॉर्टवर पोचल्यावर मात्र पर्यावरणाची काळजी घ्यायचीच. बाथरूममध्ये एक कार्ड असतं, त्यावर हिरवं पान काढलेलं. टॉवेल जमिनीवर टाकलात तर धुवायला जाणार, दांडीवर टाकलात तर पृथ्वी वाचणार. दांडीवरच टाका, नीट पसरून. मग एसी १८ वर लावा. मालदीवच्या रिसॉर्टांत वीज बहुतेक डिझेलच्या जनरेटरची, आणि शॉवरचं पाणीही त्याच विजेवर समुद्राचं खारं पाणी गोडं करून आणलेलं. (एवढ्या खटाटोपाने आलेलं पाणी, अर्धा तास तरी अंगावर घ्या.)

प्रवाळ पांढरंफटक दिसलं तर नाक मुरडू नका. १९९८ आणि २०१६ मध्ये पाणी तापलं, त्यात त्याचा रंग उडाला. फोटोला फिल्टर आहेच की!

वेटर त्याच्या बेटावरच्या विहिरींत खारं पाणी शिरल्याचं सांगू लागला, तर मान हलवा. अपराधी वाटून घेऊ नका. असल्या नुकसानीसाठी निधी उभारायचं २०२२ मध्ये जगाने मान्य केलंय, तेही इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत, ऐन समुद्रकिनाऱ्यावर. त्यात कुणी किती घालायचे, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. सक्तीचा असतो तो बिलातला सर्व्हिस चार्ज. तेवढा तपासून घ्या, दोनदा लावतात कधीकधी.