त्याला आवडतंच की!

मंचरजवळच्या आमच्या गावची यात्रा जवळ आली की घरच्या ग्रुपवर दोन तट पडतात. पुण्या-मुंबईची भाचरं म्हणतात, बैलगाडा शर्यतीत बैल पळवणं हा छळ आहे. मामा म्हणतात, बैल घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, उतरला की आपणहून माती उकरतो, त्याला पळायचंच असतं. आणि शर्यत गेली तर खिलार जातीचे बैल पोसणार कोण? 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, 2021च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. कोर्टातला वाद संपला. ग्रुपवरचा चालूच आहे.

मी राहतो मिनेसोटात, सेंट पॉलला. मामांचं ते वाक्य मला इथे दर ऑक्टोबरात ऐकू येतं, फक्त बैलाच्या जागी लॅब्राडॉर असतो. शेजारच्या साउथ डकोटात ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी फेझंटची शिकार सुरू होते. फेझंट म्हणजे कोंबड्याच्या कुळातला, लांब शेपटीचा पक्षी. तो गवतातून उठवायचा आणि पडला की शोधून आणायचा, हे कुत्र्याचं काम. माझे शेजारी वर्षभर या दिवसाची वाट बघतात. कुत्र्याचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: अहो, तो जगतोच यासाठी.

खरंय ते. आणि घात तिथेच आहे.

2003 साली हंगामाच्या पहिल्याच शनिवार-रविवारी अवेळी उकाडा पडला आणि शंभराच्या आसपास कुत्री दगावल्याच्या बातम्या आल्या. त्यांना कुणी मारलं-झोडलं नव्हतं. लाडाकोडात वाढलेली होती, आणि बहुतेक शिकारी कुत्र्यांचं असतं तसं असेल तर वर्षाचे आठ-दहा महिने सोफ्यावर काढलेली. मग एका दिवसात एकदम तासन्‌तास धावायचं. गवत कुत्र्याच्या डोक्याच्या वर, आत वारा नाही. माणसासारखा घाम कुत्र्याला येत नाही. धापा टाकूनच अंग गार करायचं, आणि तोंडात पक्षी धरला की तीही वाट अर्धी बंद. त्यात तेव्हा शिकारीची वेळ भर दुपारी बारापासून होती. 2020 पासून ती सकाळी दहाला सुरू होते, म्हणजे गारव्याचे दोन तास पदरात पडले.

उकाडा नसतानाही कोसळणारी कुत्री असतात. शेजाऱ्याच्या काळ्या लॅब्राडॉर कुत्रीचं मी डोळ्यांनी पाहिलं. हवा छान गार, दहा मिनिटं झाली असतील. आधी मागचे पाय लटपटले, मग एकमेकांत अडकायला लागले. मागचा भाग जमिनीवरून फरफटत होता तरी ती पुढच्या दोन पायांवर पक्ष्याकडेच निघाली होती. शेजाऱ्याने धावत जाऊन तिला अक्षरशः मिठी मारून आडवी केली, पोटावर पाणी ओतलं. अर्ध्या तासात ती उठून शेपूट हलवत होती, पुन्हा जायला तयार! सगळ्यांचं नशीब असं नसतं; काही तिथेच मरतात.

हा आनुवंशिक दोष आहे. 2008 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह त्याचं जनुक शोधलं. डायनॅमिन नावाचं एक प्रथिन मज्जातंतूंचे संदेश चालू ठेवायला मदत करतं. ते सदोष असलं की एरवी काही बिघडत नाही; पण कुत्रं तापलं आणि उत्साहाने पेटलं की संदेशांचा पुरवठा अपुरा पडतो. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच त्रास होतो. अशी कुत्री फिरायला नेली, निवांत पळवली तर वर्षानुवर्षं कळतही नाही. जितकी आवड जास्त, तितका धोका जास्त. चाचणी साधी आहे, थोड्याशा रक्तावर होते. चांगले पैदासकार ती करतात, पण कायद्याची सक्ती नाही, त्यामुळे स्वस्तातलं पिल्लू घेणारा देवावर हवाला ठेवतो.

म्हणून ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंशी माझं जमत नाही. भाचरांना वाटतं, जनावर नाखूष असेल तरच छळ. मामांना वाटतं, जनावर खूश आहे म्हणजे सगळं ठीक. इकडे शिकारीवर कुणी ब्र काढत नाही, त्यामुळे चर्चा तरी कामाची होते: गाडीत थर्मामीटर आहे का, दर किती मिनिटांनी पाणी, दुसरं कुत्रं आलटून पालटून सोडायला आणलंय का. त्यातही गोम आहे. धावून आलेल्या निरोगी कुत्र्याचं तापमानही खूप चढतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावर भागत नाही, मागच्या पायांकडे बघावं लागतं. आणि सगळं मालकाच्या भरवशावर. मित्रांसमोर पहिला पक्षी आपल्या कुत्र्याने आणावा, ही हौस असलेला मालक कधी थांबवणार?

आपल्याकडे निदान नियम कागदावर आले: अंतराची मर्यादा, काठी-चाबकाला मनाई, पशुवैद्याचा दाखला. मी मामांना फोनवर विचारलं, दाखला पळण्याआधीचा ना? पळून आल्यावर बैलाकडे कोण बघतं? चैत्र-वैशाखात घाटात ऊन काय असतं ते तुम्हीच सांगता.

"पळून आल्यावर?" मामा म्हणाले. "पळून आल्यावर सगळे घड्याळाकडे बघतात."