सेप्सिसवर कोलेस्टेरॉलचं इंजेक्शन मागायला येणाऱ्यांसाठी

नाशिकच्या गोळे कॉलनीत आमचं होलसेल औषधांचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार आले आणि मोबाइल काउंटरवर ठेवून म्हणाले, "भाऊ, हे इंजेक्शन आहे का तुमच्याकडं?" छाटणी करताना त्यांच्या धाकट्या भावाला कात्री लागली, जखम चिघळली, सेप्सिस झाला, म्हणजे संसर्गाला शरीराच्या बेफाम प्रतिसादामुळे अवयवच निकामी व्हायला लागले; आता तो आयसीयूत. फॉरवर्ड असा: 'सेप्सिसवर औषध सापडलं! कोलेस्टेरॉलचं इंजेक्शन रक्तातलं विष लिव्हरमधून काढून टाकतं, हे सिद्ध झालंय. हॉस्पिटलं लपवतात. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर सेप्सिस होतच नाही.'

हे कोलेस्टेरॉल कमी करणारं इंजेक्शन फ्रीजमध्ये होतं. मी दिलं नाही.

'विष लिव्हरमधून काढतं' ही निव्वळ थाप नाही, म्हणून तर मेसेज पटतो. लिव्हरच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, आत ओढून घेणारे रिसेप्टर असतात. पीसीएसके९ नावाचं प्रथिन या रिसेप्टरांना मोडीत काढतं. इंजेक्शन त्या प्रथिनाला अडवतं, रिसेप्टर टिकतात, एलडीएल उतरतं. आता, काही जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस नावाचं विषारी द्रव्य रक्तात एलडीएललाच चिकटून फिरतं, त्यामुळे एलडीएलसोबत तेही लिव्हरमध्ये जातं. २०१४ साली कॅनडातल्या संशोधकांना दिसलं, की ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच दुबळं आहे, असे सेप्टिक शॉकचे (सेप्सिसमध्ये रक्तदाब कोसळलेले) रुग्ण जास्त वाचले.

'सिद्ध झालंय' इथे मात्र गाडी घसरते. जन्मापासून दुबळं प्रथिन असणं वेगळं आणि आयसीयूत गेल्यावर सुई टोचणं वेगळं. २०१७ मध्ये हे प्रथिन मुळातच नसलेल्या उंदरांना एलपीएस दिलं, तर तेही इतर उंदरांइतकेच मेले. ही इंजेक्शनं २०१५ मध्ये मंजूर झाली ती कोलेस्टेरॉलसाठी, आणि एलडीएल पुरतं उतरायला दिवस जातात. सेप्टिक शॉकमध्ये अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं लागतं. दिवस कुणाकडे आहेत?

'लपवतात' म्हणे! जगभरच्या जर्नलांत छापून आलंय हे सगळं.

राहिली गोळी. कोलेस्टेरॉलची गोळी नियमित नेणारे आमचे ग्राहकही सेप्सिसने ॲडमिट होतात, ते आम्हाला त्यांच्या नातेवाइकांकडून कळतंच. उपचार म्हणूनही ती चालली नाही: सेप्सिसमुळे फुप्फुसं निकामी व्हायला लागलेल्या ७४५ रुग्णांवर रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीची चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल छापला. मृत्यू कमी झाले नाहीत, चाचणी मध्येच थांबवावी लागली.

त्यांनी मग भावाचा रिपोर्ट दाखवला. "कोलेस्टेरॉल तर कमीच आलंय. हे चांगलं ना?" नाही, दादा. सेप्सिसमध्ये एलडीएल आणि एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, दोन्ही घसरतात, आणि एचडीएल फार खाली गेलं तर ते वाईट लक्षण. एचडीएलची पातळी ठरवण्यात हात असलेल्या सीईटीपी या दुसऱ्या प्रथिनावर आता संशोधन चाललंय. मला विचाराल तर तिकडे जास्त आशा आहे, पण त्याचंही औषध आज आयसीयूच्या ट्रेमध्ये नाही.

मी त्यांना बिलबुकाचं कोरं पान फाडून दिलं. डॉक्टरांना विचारायचं म्हणून त्यांनी लिहून घेतलं: जखमेतला पू पूर्ण काढला का, जंतू ओळखायच्या कल्चर तपासणीचा रिपोर्ट कधी, लघवी किती होतेय.