चोराच्या हातची लंगोटी, की आपलंच धोतर?

गाडीच्या कर्जांवर कर्जकंपन्यांनी विक्रेत्यांना गुपचूप दिलेल्या कमिशनचं प्रकरण ब्रिटनमध्ये गाजायला लागल्यापासून एक जुना मजकूर पुन्हा फिरू लागलाय. इथल्या मराठी मंडळींच्या तीन वेगवेगळ्या गटांतून तो माझ्यापर्यंत आला. चौथ्यांदा तर थेट आमच्या दाजींनी पाठवला, वर "वाच आणि शहाणा हो" असा शेरा मारून. मजकूर थोडक्यात असा:

"पीपीआयची भरपाई म्हणजे बँकांकडून उकळलेला फुकटचा पैसा. सही तुम्हीच केली होती, मग तक्रार कसली? बँकेने पाठवलेला आकडा ज्यांनी गुपचूप घेतला तेच शहाणे, कारण तो शेवटचा असतो आणि भांडायला गेलं की तेही हातचं जातं. भांडायचंच असेल तर क्लेम कंपनीशिवाय निभाव लागत नाही. वर नाव खराब होतं आणि पुढे कुणी कर्ज देत नाही. चोराच्या हातची लंगोटी म्हणायचं आणि गप्प बसायचं."

यातलं एक विधान अर्धं खरं आहे, त्याच्याकडे येतोच. बाकीची एकेक करून घेऊ.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. पीपीआय म्हणजे पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स. आजारपण आलं, अपघात झाला, नोकरी गेली, तर ठरावीक काळ तुमचे कर्जाचे हप्ते विमा कंपनी भरेल, असा तो करार. कल्पना वाईट नव्हती. वाईट होता तो विकण्याचा प्रकार: वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, गृहकर्ज, जे दिसेल त्याला तो चिकटवला गेला. अशा सुमारे ६.४ कोटी पॉलिसी विकल्या गेल्या आणि पुढे बँकांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम परत करावी लागली.

"फुकटचा पैसा"

माझं स्वतःचं पत्र अजून फायलीत आहे, जुलै २०१७ चं. मार्च २००४ मध्ये एका बँकेकडून मी पाच वर्षांसाठी सहा हजार पौंडांचं कर्ज काढलं होतं. पत्रातला तक्ता असा: विम्याचा हप्ता १,३२० पौंड, त्यावर घेतलेलं व्याज ३७४, आठ टक्के दराने व्याज १,४६८, वजा कर २९४, देय रक्कम २,८६८.

पहिल्या दोन ओळी नीट बघा. तेव्हा विम्याचा पाच वर्षांचा हप्ता एकरकमी लावायची पद्धत होती आणि ती रक्कम कर्जातच मिसळली जायची. म्हणजे सहा हजार मागायला गेलेला माणूस बाहेर पडताना ७,३२० चा कर्जदार व्हायचा, आणि न मागितलेल्या विम्यावर पाच वर्षं व्याजही भरायचा. पहिले १,६९४ पौंड माझ्याच पगारातून गेलेले. तिसरी ओळ म्हणजे ते पैसे इतकी वर्षं बँकेने वापरले त्याचं सरळव्याज. चक्रवाढ नव्हे, सरळ. माझ्याकडून घेताना मात्र बँकेचं गणित इतकं साधं नव्हतं.

चौथी ओळ बहुतेकांनी वाचलीच नाही. आठ टक्क्यांचं व्याज हे करपात्र उत्पन्न, म्हणून बँका त्यातून वीस टक्के कापून उरलेलं देत. पण एप्रिल २०१६ पासून मूळ दराने कर भरणाऱ्याला वर्षाला हजार पौंडांपर्यंतचं व्याज करमुक्त आहे. बचतीवर मला नावापुरतंच व्याज मिळायचं, त्यामुळे १,४६८ पैकी हजारावर कर लागायलाच नको होता. जास्तीचा कापलेला कर परत मागायचा आर-४० नावाचा फॉर्म भरला आणि दोनशे पौंड परत आले. त्या दोनशे पौंडांबद्दल मजकुरात एक अक्षर नाही. पैसा फुकटचा मानला की माणूस तक्ता तपासत नाही.

"सही तुम्हीच केली होती"

केली होती. बँकेतल्या समोरच्या बाईंनी फॉर्म फिरवून पुढे सरकवला. पेन्सिलीने तीन ठिकाणी फुल्या होत्या, तिथे सह्या. "हे सोबत घेतलं की कर्ज पटकन पास होतं," हे त्यांचं वाक्य. मी तेव्हा कंत्राटावर काम करत होतो. माझ्या पॉलिसीत बेरोजगारीचं कलम कायम नोकरी असणाऱ्यांसाठी होतं. कंत्राट संपलं असतं तर मला एक पेनी मिळाली नसती. कामाविषयी त्यांनी विचारलं होतं, उत्तर फॉर्मवर लिहिलंही होतं, आणि त्याच फॉर्मवर तो विमाही होता.

हा अनुभव माझ्या एकट्याचा असता तर वाद संपला असता. पण सिटिझन्स ॲडव्हाइस या लोकांना फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेने २००५ मध्येच या विक्रीविरुद्ध सगळ्या ग्राहकांच्या वतीने अधिकृत महातक्रार दाखल केली होती. २००८ मध्ये अलायन्स अँड लेस्टर या बँकेला याच विक्रीपायी ७० लाख पौंडांचा दंड झाला. बँकांवर देखरेख करणाऱ्या नियामकाने तक्रारी हाताळायचे नियम कडक केले तेव्हा बँकांची संघटना कोर्टात गेली आणि एप्रिल २०११ मध्ये हरली. सहीच सगळं ठरवत असती तर तो खटला बँकांनी जिंकला असता.

एक कबूल करतो. काहींनी हा विमा समजून-उमजून घेतला होता, आणि काहींना आजारपणात तो उपयोगीही पडला. अशा माणसाला "मी भरपाई मागणं बरोबर का?" असा प्रश्न पडला तर त्याचा मला आदर वाटतो. उत्तर सोपं आहे: फॉर्मवर जे घडलं तेच लिहायचं. विकताना सगळं सांगितलं होतं असं तुम्हालाच वाटत असेल, तर फसवून विकल्याची तक्रार करू नका. पण विम्याच्या हप्त्यातून कर्ज देणारे आणि दलाल स्वतःकडे ठेवत त्या कमिशनचं काय? ते तर कुणालाच सांगितलं नव्हतं. प्लेविन बाईंचा खटला नेमका त्यावरच होता. विधवा, कॉलेजात शिकवणाऱ्या, ३४,००० पौंडांचं कर्ज. विम्याचे ५,७८० पौंड लावले गेले आणि त्यातले ७१.८ टक्के कमिशनमध्ये गेले. विमा कंपनीच्या हाती पडले जेमतेम १,६३०. इतकं मोठं कमिशन लपवल्याने कर्ज देणारा आणि घेणारा यांच्यातलं नातंच अन्याय्य ठरतं, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१४ मध्ये म्हटलं.

"बँकेचा आकडा शेवटचा असतो"

सर्वात जास्त नुकसान या वाक्याने केलं असेल. पत्रावर "अंतिम उत्तर" असे शब्द असत हे खरं. पण त्यांचा अर्थ एवढाच, की बँकेचं बोलणं संपलं. तिथून पुढे सहा महिन्यांत फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि बँका यांच्यातले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे, जाता येई, फी शून्य. आठ आठवड्यांत बँकेने उत्तरच दिलं नाही तरी तो दरवाजा उघडत असे.

आणि बँकेचं बोलणं किती भरवशाचं होतं? जून २०१५ मध्ये लॉइड्स बँकेला ११.७४ कोटी पौंडांचा दंड झाला, तो विमा विकल्याबद्दल नव्हे, तर तक्रारी हाताळताना केलेल्या गडबडीबद्दल. आपली विक्रीची पद्धत योग्यच होती हे गृहीत धरूनच फाइल उघडा, असं तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवलं गेलं होतं.

आकड्यात चूक कुठे असते, ते माझ्याच पत्रावरून सांगतो. २००४ चं कर्ज माझं पहिलं नव्हतं. २००२ मध्ये त्याच बँकेकडून चार हजार काढले होते. ते फिटायच्या आतच "जुनं बंद करून नवीन मोठं करा" म्हणून सहा हजारांचं केलं. त्या जुन्यावरही विमा होता आणि त्याची न फिटलेली रक्कम नव्या कर्जात वाहून आली होती. पत्रात फक्त २००४ चं खातं. २००२ च्या खात्याचा नंबर मला माळ्यावरच्या एका बुटाच्या खोक्यात, एका विवरणपत्रावर सापडला. तो घालून चार ओळींचं पत्र लिहिलं. सात आठवड्यांनी दुसरं पत्र आलं: आणखी १,१२६ पौंड. ना दिलगिरी, ना खुलासा. पहिल्या दिवशीच सही करून पाठवली असती तर त्या १,१२६ चा पत्ताही लागला नसता.

दुसरी मेख प्लेविनची. त्या निकालानंतर नियामकाने नियम केला की कमिशन हप्त्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर निम्म्यावरचा भाग परत द्यायचा. ऑगस्ट २०१७ पासून अशी पत्रं जाऊ लागली. ५,७८० पौंडांच्या हप्त्यावर ७१.८ टक्के कमिशन असेल, तर या हिशेबाने वरचे २१.८ टक्के, म्हणजे सुमारे १,२६० पौंड आणि त्यावरचं व्याज. विमाच गळ्यात मारला होता असं सिद्ध झालं तर मात्र अख्खे ५,७८०. दोन्ही पत्रांची भाषा आणि कागद सारखाच, चेकही तसाच. फरक असायचा तो एका परिच्छेदात: "तुमची विक्रीविषयीची तक्रार आम्ही मान्य करत नाही, मात्र कमिशनपोटी…" हा परिच्छेद ज्यांनी वाचला नाही त्यांना आपली मूळ तक्रार फेटाळली गेलीय हेच कळलं नाही.

"भांडायला गेलं की तेही जातं"

सुरुवातीला म्हटलेलं अर्धं खरं विधान ते हेच. ओम्बड्समनकडे गेल्यावर आकडा वाढेलच अशी हमी नव्हती, आणि तो तुमच्या विरुद्धही निर्णय देऊ शके. बँकेने केवळ सद्भावना म्हणून काही देऊ केलं असेल, तर ते कायम उघडं ठेवायची तिच्यावर सक्ती नव्हती. म्हणून जाण्याआधी आपल्या हातात नवीन काय आहे, हे बघायला हवं होतं: सुटलेलं खातं, चुकलेली तारीख, नोकरीचा पुरावा. नुसत्या रागावर जाण्यात अर्थ नव्हता.

पण मजकूर लिहिणाऱ्याने दोर उलटा धरलाय. गोष्ट कायमची मिटते ती बँकेच्या आकड्याने नाही, तुमच्या स्वीकाराने. ओम्बड्समनचा निर्णय तुम्ही स्वीकारला की तो दोन्ही बाजूंना बांधतो, आणि मग त्याच तक्रारीसाठी कोर्टात जाऊन जास्तीचं मागता येत नाही. अपील कोर्टाने २०१४ मध्ये तसं स्पष्टच सांगितलंय. नाकारलात तर कोर्टाचा रस्ता उरतो. तेव्हा जपायचं होतं ते सहीला, आकड्याला नव्हे.

"क्लेम कंपनीशिवाय निभाव लागत नाही"

आयत्या बिळावर नागोबा. क्लेम कंपन्या म्हणजे तुमच्या वतीने तक्रार करून भरपाईतला वाटा घेणारे मध्यस्थ. जुलै २०१८ मध्ये कायद्याने त्यांची फी वीस टक्के अधिक व्हॅट अशी बांधली. त्याआधी पंचवीस टक्के आणि वर व्हॅट घेणाऱ्या कंपन्या सर्रास होत्या. माझ्या २,८६८ वर तो हिशेब ८६० पौंडांचा होतो. कशासाठी? ओम्बड्समनच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारा फॉर्म माझ्या वतीने भरण्यासाठी. त्याहून वाईट अवस्था थकबाकीदारांची झाली. बँक भरपाई थेट थकलेल्या कर्जात वळती करू शके, म्हणजे हातात काहीच येत नसे, पण कंपनीचं बिल मात्र रोखीने भरावं लागे.

"पुढे कुणी कर्ज देत नाही"

तक्रार क्रेडिट रेकॉर्डवर येत नाही. भरपाईही येत नाही. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

आता गाडीवाल्यांचं. ते प्रकरण वेगळं आहे. सुप्रीम कोर्टाने १ ऑगस्ट २०२५ ला बऱ्याच मुद्द्यांवर कर्जकंपन्यांची बाजू उचलून धरली, पण एका ग्राहकाच्या बाबतीत कमिशन इतकं मोठं आणि इतकं लपवलेलं होतं की नातं अन्याय्य ठरवलं, प्लेविनच्याच वाटेने. त्यानंतर नियामकाने भरपाईची योजना मांडली. ज्यांना त्यातून पत्र येईल त्यांनी करार किती होते, सगळे धरलेत का, व्याज कुठून कुठपर्यंत मोजलंय आणि कर किती कापलाय, एवढं सहीआधी ताडून बघावं. सगळं बरोबर असेल तर पैसे खुशाल घ्यावेत. नाही म्हणण्यात कसलाही मोठेपणा नाही.

हे सगळं मी दाजींना फोनवर ऐकवलं. बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "मला २०१३ ला आलेलं पत्र. त्याच संध्याकाळी सही करून पोस्टात टाकलं. माझीही दोन कर्जं होती रे, एकातून दुसरं काढलेलं."

"पत्रात किती धरलेली?"

"एकच असावं. आता काही होईल का?"

तक्रारीची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली. आठवत असेल, श्वार्झनेगरचं बोलणारं यांत्रिक मुंडकं टीव्हीवर लोकांना तीच तारीख सांगत होतं. कोर्टाचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला, की अन्याय्य नात्याच्या दाव्याची सहा वर्षं हप्ता भरला त्या दिवसापासून नव्हे, तर कर्जाचं नातं संपलं तिथून मोजायची. दाजींचं कर्ज २०१० मध्ये फिटलं होतं.

"बहुतेक नाही, दाजी," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. "तो मेसेज तेवढा मी डिलीट करतो."